शंभर लिहिले, एकशे चार दिसले

मिरजेच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. एकतीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर होत्या, त्यामुळे पत्रात हिशोब जास्त आणि तक्रार कमी. थोडक्यात सांगतो. लेक, जावई आणि दोन वर्षांची नात इंग्लंडात लेस्टरला असतात. पाच वर्षांनी आता कायमचं मिरजेला येताहेत, विमान सव्वा महिन्यावर आलंय. घरातलं सामान लेक ईबेवर, म्हणजे इंटरनेटवरच्या बाजारात, विकतेय. सायकलीला तिने १०० पौंड लिहिले, तर बघणाऱ्याला १०४ पौंड ७० पेन्स दिसतात. एका गिऱ्हाइकाने तिला सरळ लोभी म्हटलं. तिने घाबरून किंमत ९० वर आणली. दुसरा एक जण म्हणतो, जाहिरात काढून टाका, मी घरी येऊन रोख देतो, दोघांचेही पैसे वाचतील. ताई विचारतात: ही फी नक्की कुणाच्या खिशातून जाते? रोखीवाल्याला हो म्हणावं का? आणि शेवटी, जरा आडूनच, तंबोऱ्याचं काय करावं?

ताई, नमस्कार.

आधी लेकीला फोन करून सांगा की वरचे ४ पौंड ७० पेन्स तिचे नव्हेत. ती तिथली 'बायर प्रोटेक्शन फी' आहे. फेब्रुवारी २०२५ पासून ईबेने इंग्लंडात ती सुरू केली. घरगुती विक्रेत्याच्या मालावर ती आपोआप चढते आणि गिऱ्हाइकाला एकत्रच आकडा दिसतो. दुकानवाल्यांच्या मालावर ती लागत नाही, त्यांचा कमिशनचा हिशोब वेगळा. म्हणजे शिवी खाल्ली लेकीने आणि पैसे गेले कंपनीला. त्या माणसाला तिने एका ओळीत उत्तर द्यावं, "मला १०० च मिळतात, वरची फी साइटची आहे," आणि पुढे वाद घालू नये.

तुम्ही कॅशियर, म्हणून आकडेमोड मांडतो. सुरुवातीला फीमध्ये ठोक ७५ पेन्स होते, त्यामुळे तीन पौंडांच्या पुस्तकालाही जवळजवळ नव्वद पेन्स चढायचे. मग त्यांनी ते बदललं. आता ठोक १० पेन्स, पहिल्या २० पौंडांवर ७ टक्के, २० ते ३०० वर ४ टक्के, ३०० ते ४,००० वर २ टक्के, आणि त्याच्या वरच्या रकमेवर काही नाही. लेकीची सायकल घ्या. १० पेन्स, २० पौंडांचे १.४०, उरलेल्या ८० चे ३.२०. बेरीज ४.७०. तुमच्या पत्रातला आकडा पैशाला पैसा जुळतो.

आता तुमचा खरा प्रश्न, खिसा कुणाचा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "फी गिऱ्हाइकावर टाकलीय, मग लेकीचं नुकसान का होतंय?" हे वाक्य वाचून मी थेट मार्केट यार्डात जाऊन पोचलो.

एकोणिसाव्या वर्षी मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात पट्ट्या लिहायचो. पातळ कागद, खाली कार्बन, वर पोत्यांचा हिशोब, मग वजावटीच्या ओळी: हमाली, तोलाई, अडत म्हणजे अडत्याची दलाली. दुपारपर्यंत माझी बोटं पिवळी व्हायची आणि प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात माझा अंगठा उमटलेला असायचा. कडेगावकडचे एक आजोबा दर हंगामात यायचे. त्यांना भाव किती निघाला ते सांगायला गेलो की हात वर करून थांबवायचे. पट्टी हातात घ्यायची, चष्मा नाही, वरच्या ओळी सोडून बोट सरळ तळाला न्यायचं आणि विचारायचं, "ह्यो आकडा वाच." हातात किती पडणार, एवढंच त्यांना हवं असायचं. मधल्या ओळी कुणाच्या नावावर आहेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मला तेव्हा वाटायचं आजोबा अडाणी आहेत.

पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, बातम्या झाल्या, बैठका झाल्या. माझा चुलतभाऊ द्राक्षवाला. त्याला मी आनंदाने म्हटलं, "सुटलास की रे." तो म्हणाला, "दादा, घेणारा येतो तो खिशात ठरलेले पैसे घेऊन. अडत त्याने भरायची असली, तर तेवढी धरूनच तो भाव बोलणार." निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पट्टीतली वजावटीची ओळ गेली हे चांगलंच झालं, तिथे लबाडीला जागा असायची. पण फीची जागा बदलली म्हणून गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे वाढत नाहीत.

लेस्टरच्या सायकलीचं तेच आहे. ज्याला जुन्या सायकलीचे १०० पौंड द्यायचे आहेत तो १०० च देणार. त्यातून फी गेली की लेकीला उरतात ९५ पौंड ४८ पेन्स. उलटा हिशोब सोपा आहे: गिऱ्हाइकाला जो आकडा दिसायला हवा त्यातून ७० पेन्स वजा करायचे आणि १.०४ ने भागायचं. २० ते ३०० पौंडांच्या मालाला हा नियम चालतो. दिसणारी किंमत ४० हवी असेल तर ३७.७९ लिहायचे. लेकीने आतापर्यंत उलटं केलं, आपला आकडा आधी लिहिला आणि दिसणारा आकडा नशिबावर सोडला. १०४.७० हा आकडा कुणालाच आवडत नाही. १०० किंवा ९९ दिसला की माणूस निदान थांबून बघतो.

आणि तिला एक गोष्ट आठवणीने सांगा, तिचं मन हलकं होईल. सप्टेंबर २०२४ पर्यंत तिथे घरगुती विक्रेत्यालाच बहुतेक मालावर साधारण १२.८ टक्के आणि वर ३० पेन्स द्यावे लागायचे. १०० पौंडांच्या सायकलीचे हातात ८६.९० यायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फी काढली, फेब्रुवारीत ही नवी आणली. मधले चार महिने दोन्हीकडून काहीच नव्हतं. लोक बोंबलतात ते त्या चार महिन्यांशी तुलना करून. ८६.९० शी तुलना केली तर ९५.४८ वाईट नाहीत. लेक पाच वर्षं तिथे असून त्या आधी तिने एकही वस्तू विकली नाही, त्यामुळे तिला हे ठाऊक नसणं स्वाभाविक आहे.

(आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून दोन रुपये लावायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही मित्रांनी कट्ट्यावर अर्धा तास त्याच्यावर घालवला. आज ती किती झालीय ते आमच्यातल्या एकालाही बिल उघडल्याशिवाय सांगता येत नाही.)

पण ताई, सगळ्या मालाला एकच माप लावू नका. फीचा भार कुणावर पडतो हे थांबायची ताकद कुणात आहे त्यावर ठरतं. सांगलीच्या माणसाला हे शिकवायला नको. द्राक्ष पिकलं की पिकलं, व्यापारी म्हणेल तो भाव. वेलीवर ठेवून दाखवा. हळदीचं तसं नाही. हरिपुरात पूर्वी जमिनीखाली पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची. भाव नाही ना, मग पेव बंद. २००५ च्या पुराने ती पेवं बुडवली ते वेगळं, पण पेव असलेल्या माणसाची बोलायची पट्टीच निराळी होती.

बाबागाडी, अभ्यासाचं टेबल, सायकल ही तुमच्या लेकीची द्राक्षं. तसल्याच बाबागाड्या त्या गावात शंभर असतील, आणि तिचं विमान ठरलेलं आहे. इथे फीचा बराचसा भार तीच सोसणार, ते आजच मान्य करून दिसणारी किंमत गोल ठेवा आणि विकून मोकळ्या व्हा. नातीची चित्रांची पुस्तकं एकेक करून लावलीत तर तीन पौंडाच्या दहा पुस्तकांवर ३ पौंड १० पेन्स फी. दहांचा एक गठ्ठा ३० पौंडांना लावला तर १ पौंड ९० पेन्स, शिवाय टपाल एकदाच. भांडीकुंडी, कुकर, मिक्सर ईबेवर लावूच नका. तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. सप्टेंबरात शिकायला येणारी पोरं कुकर शोधतच असतात आणि त्यात कुणाचीही फी नाही.

आता रोखीवाला. तुम्ही विचारलंत, "वाचतात तर वाचवावे का?" नाही. जाहिरात ईबेवर, गिऱ्हाईक ईबेने आणून दिलेलं, आणि सौदा मागच्या दाराने, हे त्यांच्या नियमात बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. लेकीचे अडकलेले पैसे त्याच खात्यात आहेत हे विसरू नका. शिवाय काही बिनसलं तर मध्ये पडायला कुणी उरत नाही. तुमच्या पतसंस्थेत एखादा कर्जदार म्हणाला असता, पावती नको, हप्ता तुमच्या हातात देतो, तर तुम्ही काय केलं असतं?

रोखीतच विकायचं असेल तर ते पहिल्यापासून तसं करा. फेसबुक मार्केटप्लेसवर वेगळी जाहिरात, 'स्वतः येऊन घेऊन जाणे, पैसे समोर' असं लिहून. ईबेवरची जाहिरात आधी काढायची, दोन्हीकडे एकदम नको. घरी जावई असताना बोलवायचं, शक्यतो दारातच व्यवहार. आणि ही गोष्ट खास तुमच्यासाठी, तुम्ही कॅशियर म्हणून: बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी २० आणि ५० च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनात नाहीत, आता सगळ्या प्लास्टिकच्या. कुणी कागदी नोट पुढे केली तर हसून परत करायची. ईबेवरूनच कुणी सायकल घरी न्यायला आला तर त्याच्याकडे एक कोड असतो. तो लेकीने स्कॅन केल्याशिवाय किंवा आकडे टाकल्याशिवाय सायकल उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. तोच तिचा पुरावा.

तुमचे यजमान म्हणतात, "तिकडची कटकट नको, सगळं इकडे आणा, ओएलएक्सवर विकू." त्यांना माझा नमस्कार सांगा. सायकलीचं विमानभाडं सायकलीपेक्षा जास्त होईल. ओएलएक्सवर फीची कटकट कमी, हे त्यांचं खरं. पण तिथे दुसरंच भूत असतं. माझ्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी जुना सोफा लावला. तासाभरात फोन, समोरचा सैन्यात असल्याचं सांगतो, भाव करत नाही, "ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." मास्तरांनी टाकला. पैसे आले नाहीत, गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही एक ओळ घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्की करा, आणि चुकून झालंच तर मिनिट न घालवता १९३० वर फोन करा. मास्तरांनी लाजेपोटी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही, तिथे सगळं हातचं गेलं.

एका गोष्टीची तुम्ही काळजी केली नाहीत, ती मला जास्त वाटते. नव्या पद्धतीत विकल्याबरोबर पैसे हातात येत नाहीत. पार्सल पोचल्याची नोंद झाली, वर थोडा वेळ गेला, की मगच ते मोकळे होतात. लेक बोली संपवणार विमानाच्या आठवड्यात, जावई बँकेचं खातं बंद करणार त्याच्या आदल्या दिवशी, आणि पैसे अधांतरी. शेवटची वस्तू विमानाच्या निदान तीन आठवडे आधी विकलेली असावी, आणि शेवटचा पौंड खात्यात आल्याशिवाय बँक खातं बंद करायचं नाही. टपालाने जाणारं सगळं आधी, हातोहात द्यायचं सगळं शेवटी, असा क्रम लावा. पार्सलला ट्रॅकिंग नंबर असलाच पाहिजे, चार पेन्स वाचवायला साधं टपाल नको.

कराचं पण कुणीतरी लेकीला घाबरवलंय असं दिसतं. जानेवारी २०२४ पासून तिथल्या साइट्स वर्षात ३० किंवा जास्त वस्तू विकणाऱ्यांची, किंवा साधारण १,७०० पौंडांच्या वर गेलेल्यांची माहिती तिथल्या कर खात्याला देतात, हे खरं आहे. पण माहिती जाणं म्हणजे कर लागणं नव्हे. स्वतः वापरलेली बाबागाडी घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली, त्यात नफा कुठला? ज्यांनी विकायलाच माल आणला त्यांचं वेगळं, त्यांनाही वर्षाला १,००० पौंडांपर्यंतची उलाढाल माफ असते. पावत्या असतील तर एका पाकिटात ठेवा, एवढंच.

राहिला तंबोरा. तुमच्या पत्रात बाबागाडीवर एक ओळ आहे, सायकलीवर दोन आणि तंबोऱ्यावर अर्धं पान. तिच्या बाबांनी लग्नात दिलेला, सतारमेकर गल्लीत स्वतः उभं राहून भोपळा निवडलेला, जनानी तंबोरा. आणि खाली लिहिलंय, "३०० पौंडांना लावायचा म्हणते, बरोबर आहे का?"

किमतीचं उत्तर आधी देतो. ३०० लिहिले तर ३१२.७० दिसतील. तंबोरा ही हळद आहे, द्राक्ष नाही. लेस्टर-बर्मिंगहॅमकडे गाणं शिकणारी पुष्कळ मुलं आहेत, हाताने केलेला मिरजेचा तंबोरा तिथे रोज विकायला येत नाही, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावालाही वजन आलंय. इथे वरचे १२ पौंड ७० पेन्स गिऱ्हाईक बिनतक्रार देईल, लेकीने एक पौंडही उतरू नये. टपालाने मात्र मुळीच पाठवायचा नाही. भोपळ्याला तडा गेला की फी कुणाची हा प्रश्नच उरत नाही. घोडी (तारांखालची पट्टी) आणि नक्षी कशाची आहे ते स्वच्छ लिहावं, कारण हस्तिदंताच्या वस्तू ईबेवर चालत नाहीत आणि तिथला कायदाही कडक आहे.

पण ताई, ३०० पौंडांना का विकायचा, हे तिने तुम्हाला सांगितलंय का? तुम्ही विचारलंय असं पत्रात कुठे दिसत नाही. कदाचित तिला वाटत असेल की आणायचा खर्च बाबांना कळला तर ते चिडतील. कदाचित दोन वर्षांत तिने तो खोळीतून काढलेलाच नसेल आणि ते तुम्हाला सांगायची चोरी असेल. तिने विकायचाच म्हटलं तर वर लिहिलंय तसं विकू द्या, मन मोठं करा. पण आधी एकदा विचारा, आणि फोनवर यजमान शेजारी नसताना विचारा.

आणायचा ठरला तर: तारा पूर्ण सैल करायच्या, पण त्याआधी घोडी कुठे बसलीय तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची, मग घोडी आणि मणी काढून वेगळ्या डबीत हातातल्या पिशवीत. भोपळ्याभोवती नातीच्या दुलया गुंडाळायच्या, त्या तशाही आणायच्याच आहेत. कडक पेटी तिथे जुनी मिळते का बघा, आणि विमान कंपनीला लांबी आताच कळवा, विमानतळावर नको. इथे आल्यावर तारांचा आवाज खुलवणारी जवारी कुणाकडून काढायची, ते मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार.